घरी परत न आलेला सदरा

ईस्टरनंतरचा रविवार

टॅबिथा, तुझ्या लाकडी खडावा दाराशीच राहिल्यात. नाताळात टोपी राहिली होती, त्याआधी कंगवा. साउथॅम्प्टनच्या नोकरीच्या घरी तू चिखलातून कशी चालत असशील ते तुझं तुला ठाऊक. आजी नावाची एक वस्तूही तू मागे ठेवून गेली आहेस, ती तरी लक्षात आहे का? असेल असं धरून हे लिहून घेते आहे. पानं भरली की गाडीवानाबरोबर पाठवीन.

मला अक्षर येत नाही. लिहितोय शेजारचा सायलस, थडग्यांचे दगड कोरणारा. उभ्या आयुष्यात त्याने मेलेल्याचं नाव, दोन तारखा आणि 'शांती लाभो' यापलीकडे काही लिहिलेलं नाही. माझं वाक्य जरा लांबलं की तो टाक उचलून विचारतो, "मर्सीबाई, हे सगळं हवंच का?" हवंय. लिही.

तू गेल्यावर मी विहिरीपाशी पडले. पाय सरकला असं सगळ्यांना सांगितलंय. खरं म्हणजे पाय सरकला नाही, डोळ्यांपुढे अंधार आला. हे फक्त तुला. सायलसने ऐकलं, पण तो दगडासारखाच आहे, त्याच्यात घातलेलं बाहेर येत नाही. मला अँब्रोजने उचललं. हाक त्याला ऐकू जात नाही, पण घागर गडगडत अंगणात आली ती त्याने पाहिली. मला आत आणून निजवलं आणि स्वतः पायाशी बसून राहिला, माझा अंगठा मुठीत धरून. लहानपणी धरायचा तसा. आता बावीस वर्षांचा बाप्या आहे.

तो परत कधी जाणार, असं तू लहानपणी विचारायचीस. पाद्रीसाहेबांची सगळी मुलं जन्मली की माझ्याकडे आली, माझ्या अंगावर प्यायली, या अंगणात चालायला शिकली आणि मग मोठ्या घरी गेली. हा तेवढा राहिला.

बुधवार

मिस हेस्टर आली होती. पाद्रीसाहेबांची धाकटी, सोळा पुरी झाली, पण बसते अजून माझ्या पिठाच्या पेटीवर. तिच्या परकराच्या खिशात कागद असतात. घरी संध्याकाळी चहानंतर ती स्वतः रचलेल्या गमतीच्या गोष्टी वाचून दाखवते आणि पाद्रीसाहेबांसकट सगळे पोट धरून हसतात. वाचायच्या आधी घरातल्या कुणाला तरी ती गोष्ट अर्पण करायची, अशी तिची पद्धत आहे. 'परमपूज्य, परमदयाळू, परमस्थूल बंधू' वगैरे. प्रत्येकाची पाळी येते, प्रत्येक जण आपल्या पाळीची वाट बघतो.

तीच गोष्ट मग ती इथे येऊन अँब्रोजला सांगते. हातांनी, भुवयांनी, प्रसंगी माझा झाडू घेऊन. ही हातांची बोली मी आणि अँब्रोजने मिळून केलेली, तिने ती बघून बघून उचलली.

आजची गोष्ट अशी. एक बाई प्रेमभंगाने मरायचं ठरवते आणि आधी शवपेटीवाल्याला माप द्यायला बोलावते. पेटी येते, ती खांद्याला घट्ट होते. पुन्हा माप. पुन्हा घट्ट. चौथ्यांदा तो आला तोवर तिला त्याची सवय होते आणि ती त्याच्याशी लग्न करते. पेट्यांमध्ये ती दोघं कोबी लावतात.

अँब्रोज हसला. तुला ते हसणं आठवतं ना, गंजलेलं फाटक कुणी जोरात ढकलावं तसं. कोंबड्या पळाल्या.

सायलसला गोष्ट पटली नाही. धंद्यात असं दिलेलं परत घेत नाहीत, म्हणाला.

शनिवार, पावसाचा

पाद्रीसाहेब आले. माणूस भला आहे, हे आधी लिही. टोपी गुडघ्यावर ठेवून बसले आणि माझ्या तब्येतीची चौकशी केली. बाईसाहेबांनी नेहमीप्रमाणे साखरेचा केक पाठवला होता.

मग म्हणाले की अँब्रोजची सोय करायला हवी. नॉर्थॅम्प्टनच्या पलीकडे कुणी क्रौच म्हणून गृहस्थ आहेत, ते अशा मुलांना ठेवून घेतात. स्वच्छ जागा आहे, दारं मजबूत आहेत. जूनअखेरीस, सेंट जॉनच्या दिवशी गाडी येईल. मी म्हटलं, "साहेब, तिथे त्याच्याशी कोण बोलेल?" ते टोपीकडे बघत म्हणाले, "मर्सी, तुम्ही आमच्यासाठी पुष्कळ केलंत. आता तुम्ही त्याला सांभाळता की तो तुम्हाला, हे गावाला दिसतंय."

अँब्रोज तिथेच होता. साहेब आत आले तेव्हा तो टोपी काढून उभा राहिला, मी शिकवलंय तसा, आणि जाईपर्यंत उभाच होता. साहेबांनी त्याच्याकडे बघून मान हलवली. ते त्याच्याशी कधी बोलत नाहीत, कारण त्याला ऐकू येत नाही. बाकी कोणत्या बाबतीत ते असे सरळ हिशोबी नाहीत.

ते गेल्यावर अँब्रोजने केक कोंबड्यांना घातला. गोड त्याला कधीच आवडलं नाही. आगीवर भाजलेलं चीज आणि त्यावर नाकात जाईल अशी मोहरी, हे त्याचं खाणं.

रविवार

आज दोन शब्दच सांगणार. साहेबांचं खरं असेल तर? उद्या मी विहिरीपाशी पडले आणि उठलेच नाही तर तो माझा अंगठा धरून बसून राहील, दिवस मावळेल, दुसरा उगवेल. हे डोळ्यांपुढे येतं आणि मग क्रौचची मजबूत दारं बरी वाटतात. मग अँब्रोजकडे बघते आणि बरी वाटत नाहीत.

सायलस म्हणतो, हे दोन शब्द नाहीत.

मे महिना, पहिला गुरुवार

हेस्टरला क्रौचचं ठाऊकच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ती पिठाच्या पेटीवरून उतरली. रडेल असं वाटलं, पण रडली नाही. मला भलतंच विचारू लागली. आम्ही एकेक जण घरी कसे गेलो? न्यायला कोण यायचं? आई रोज यायची का?

मी सांगितलं. आई रोज यायच्या, बाळ बघायच्या, कधी पाळण्याशी बसून मोजे विणायच्या. मूल चालू लागलं की एका सकाळी मोठ्या घरून पांढरी शाल यायची, तिच्यात गुंडाळून न्यायचं. अँब्रोजसाठीही शाल आली होती. त्याला गुंडाळलं, आणि उंबऱ्यात त्याला पहिला झटका आला. डोळे पांढरे, अंग ताठ. बाईसाहेबांनी तो माझ्या हातात दिला. थोडा बरा झाला की नेऊ, म्हणाल्या. शाल माझ्याच पेटीत राहिली. पुढे नवीन बाळ आलं, त्याच्यासाठी नवी शाल विणली गेली. बाईसाहेब यायच्या त्या नव्या बाळाला बघायला. मग बाळं यायची थांबली, तेव्हा येणंही थांबलं.

"आणि कुणी परत विचारलं नाही?"

"विचारतात ना. दर महिन्याला पैसे येतात, नाताळात कोट येतो, केक तर येतोच. कोट बाह्यांना आखूड असतो, पण येतो."

यावर ती हसली, टॅबिथा. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, मग बाहीने डोळे पुसत बसली आणि पुन्हा हसली. मग खिशातला कागद काढून काही खरडलं आणि उठून गेली. अँब्रोजला गोष्टसुद्धा सांगितली नाही.

मला राग आला. अजून आहे. माझ्या घरातल्या दुःखाची कुणी गंमत करावी असं मला वाटत नाही, ती माझ्या अंगावर प्यायलेली असली तरी.

सोमवार, कपडे धुण्याचा

ती आलेली नाही. अँब्रोज दुपारपासून फाटकाशी उभा राहतो. मी हातांनी सांगते, पोरगी कामात आहे. तो हातांनी विचारतो, कोण मेलं? तिच्या गोष्टींत नेहमी कुणीतरी मरतं, म्हणून. मी सांगितलं, अजून कुणी नाही.

शनिवार

आता सायलस लाजतोय, पण मी सांगेन तसं त्याला लिहावं लागेल.

मी त्याला क्रौचचं सगळं सांगितलं होतं. आज संध्याकाळी आला तो हातात खडू घेऊन. त्याच्या घराची आणि आमच्या घराची भिंत एकच. त्याने आमच्या बाजूने, आगटीशेजारी, भिंतीवर एक चौकट आखली. म्हटलं, हे काय? म्हणाला, "दार."

मी म्हटलं, सायलस, गाव काय म्हणेल. तो म्हणाला, "या वयात काही म्हटलं तर बरंच वाटेल." (हे त्याने खोडलं होतं, मी पुन्हा लिहायला लावलं.) मग सावकाश एकेक सांगितलं. अँब्रोज आत्ताही त्याच्या आवारात ओल्या वाळूने दगड घासतो, त्याच्याइतका आरशासारखा दगड कुणी काढत नाही. पाणी सायलस भरेल. मी पडले तर अँब्रोज दारातून जाऊन त्याला ओढून आणेल. आणि मी उठलेच नाही तर अँब्रोज दाराच्या त्या बाजूला राहायला जाईल, एवढंच.

मी म्हटलं, "तुला हातांची बोली येत नाही."

त्याने दोन हातांनी काहीतरी केलं. मला वाटलं, त्याला मुंग्या चावताहेत. अँब्रोजला मात्र कळलं. तो उठला आणि त्याने सायलसला मोहरीचं भांडं आणून दिलं.

भिंत चर्चची आहे, पाद्रीसाहेबांनी हो म्हणायला हवं. माझ्यानं कसं विचारवेल?

मे महिना, शेवटचा बुधवार

आज सायलसला पुष्कळ लिहावं लागेल, त्याच्यासाठी कोंबडीची तंगडी भाजली आहे.

बाईसाहेबांनी अँब्रोजच्या कपड्यांची मापं द्यायला मला बोलावलं होतं. क्रौचकडे जाताना नवे कपडे हवेत. मी त्याचा जुना सदराच नेला. त्या मापं लिहून घेत होत्या. मनगट लिहिताना थांबल्या, पट्टी पुन्हा लावून बघितली. "इतका?" म्हणाल्या. मी म्हटलं, दगड घासतो ना.

चहाची वेळ झाली. मी निघाले तर हेस्टर दारात. "आजी, आज थांब. नवी गोष्ट आहे." मी तिच्यावर रागावलेली, पण बैठकीच्या खोलीत सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? खिडकीपाशी स्टुलावर बसले. पाद्रीसाहेब, बाईसाहेब, थोरला भाऊ, मधली बहीण, सगळे आपापल्या जागी. थोरला म्हणाला, आज पाळी कुणाची? हेस्टर म्हणाली, अर्पण आज शेवटी.

गोष्ट ऐक. एका थोर घराण्यात मुलं फार. म्हणून ती कपड्यांसारखी बाहेर धुवायला द्यायची, आणि स्वच्छ झाली की मोजून परत घ्यायची अशी रीत. एका शनिवारी धुणं आलं त्यात एक सदरा कमी. घरात हाहाकार. मालकांनी जेवण सोडलं, मालकीणबाई तीनदा बेशुद्ध पडल्या, तीही दर वेळी मऊ जागा बघून. सगळा गाव सदरा शोधायला निघाला, तळं उपसलं, धोबिणीच्या शेळीला बांधून चौकशी केली. त्याच आठवड्यात एक मुलगाही कमी आला होता. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण जेवणाच्या टेबलाला खुर्च्या तेवढ्याच होत्या.

पाद्रीसाहेब डोळे पुसत होते हसून. मीही हसले, शेळीला. पण सदरे असे हरवत नाहीत, मी आयुष्यभर धुतलेत, मला विचारायला हवं होतं.

पुढे सदरा सापडतो. मालकांच्याच अंगावर असतो. आनंदाने मेजवानी देतात. मेजवानीहून परत येताना मालकीणबाईंची गाडी चिखलात रुतते. रस्त्याने एक उंच तरुण येतो, टोपी काढतो, खांदा लावून गाडी बाहेर काढतो आणि एक शब्द न बोलता बाजूला उभा राहतो. मालकीणबाई म्हणतात, "किती गुणी मुलगा. एकदाही मध्ये बोलला नाही. याच्या आईला केवढं समाधान असेल." आणि गाडी घरी जाते.

एवढंच. हेस्टर इथे थांबली. थोरला हसत होता, तो हळूहळू थांबला. मला वाटलं पुढचा कागद विसरली. मग तिने अर्पण वाचलं. तिचा आवाज सरळ होता.

"श्रीयुत अँब्रोज लॅव्हिंग्टन यांना, त्यांच्या धाकट्या बहिणीकडून अत्यंत आदराने. घरातल्या सगळ्यांत त्यांनीच माझी प्रत्येक गोष्ट शेवटपर्यंत ऐकली, आणि चहा कधी येणार असं कधी विचारलं नाही."

या वेळी कुणी हसलं नाही. मला कळेना. अर्पण चांगलं होतं, खोटं काही नव्हतं त्यात. पाद्रीसाहेबांनी हात पुढे केला, हेस्टरने कागद दिले, ते त्यांनी न बघता घडी घालून कोटात ठेवले. म्हणाले, "वर जा, हेस्टर." ती गेली.

बाईसाहेब माझ्याकडे बघत होत्या. टॅबिथा, ती बाई मी तरुणपणापासून ओळखते. त्यांनी विचारलं, "दाईबाई, त्याला केक आवडतो ना?"

"नाही बाईसाहेब. कोंबड्यांना आवडतो."

"मग काय आवडतं?"

मी सांगितलं. चीज, आगीवर भाजलेलं, वर मोहरी. त्यांनी ते मापांच्याच कागदावर लिहून घेतलं, मनगटाच्या खाली.

मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. उभी राहिले आणि पाद्रीसाहेबांना भिंतीतल्या दाराचं सांगून टाकलं. सायलसचं पाणी भरणं, वाळू, दगड, सगळं. गोंधळ झाला माझा, एकच गोष्ट दोनदा सांगितली. साहेब खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "दार किती रुंद?"

मी हात पसरून दाखवलं. ते म्हणाले, "थोडं मोठं करा. तो खांद्याने रुंद आहे."

परत येताना जिन्याखाली हेस्टर भेटली. डोळे सुजलेले. मी तिला चांगलं सुनावलं. म्हटलं, आज माझ्या अँब्रोजच्या जाण्या-न जाण्याची गोष्ट चालू होती आणि तुला सदरे आणि शेळ्या सुचतात. सायलसचं दार नसतं तर तुझ्या थट्टेने सगळं नासलं असतं. ती माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, "हो आजी. दारामुळेच."

निदान चूक तरी कबूल करते.

जून, बुधवार

दार झालं. धूळ अजून पिठात येते. क्रौचला नको म्हणून पत्र गेलं. अँब्रोज दिवसभर या घरातून त्या घरात जातो, पुन्हा या घरात येतो, काही काम नसताना.

हेस्टरला बैठकीत वाचायची बंदी होती ती उठली. पण ती आता गमतीचं लिहीत नाही म्हणते. एक लांबलचक लिहायला घेतलंय, त्यात कुणीच मरत नाही, नुसती माणसं एकमेकांकडे जातात-येतात आणि काय बोलायचं ते बोलत नाहीत. मी म्हटलं, ते कोण वाचेल? अँब्रोजला तिने थोडं हातांनी सांगितलं. तो हसला नाही, पण सगळं ऐकलं.

सेंट जॉनचा दिवस

आज गाडी यायची होती त्या वेळी बाईसाहेब आल्या. एकट्या, चालत. हातात टोपली.

अँब्रोज टोपी काढून उभा राहिला. त्या दारातच थांबल्या. गोष्टीतल्या बाईसारखं काही बोलतील म्हणून मला धास्ती वाटली, पण त्या सरळ त्याच्यासमोर गेल्या. त्याच्या तोंडाकडे बघायला त्यांना मान वर करावी लागली.

मी पेटीतून शाल काढली. पिवळी पडलीय, एका कोपऱ्याला कसर लागलीय. त्यांनी ती घेतली आणि हातात धरून पिठाच्या पेटीवर बसल्या. अँब्रोजने शाल बघितली, बोटांत धरून बघितली, मग माझ्याकडे वळून हातांनी विचारलं, बाळ कुठे आहे?

मी त्याच्याकडेच बोट दाखवलं. त्याला पटलं नाही.

टोपलीत चीज होतं. मी करते म्हटलं तर बाईसाहेब नको म्हणाल्या, आगटीशी स्वतः गुडघ्यांवर बसल्या. लांब काट्याला चीज टोचून धरलं, पण लक्ष अँब्रोजकडे, चिजाकडे नाही. ते वितळून निम्मं राखेत पडलं, निम्मं कोळसा झालं. तो कोळसा त्यांनी ताटलीत ठेवून त्याला दिला. त्याने त्यावर मोहरी थापली, सगळी, भांडं पुसून, आणि खाल्लं. मोहरी नाकात गेली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याने बाईसाहेबांच्या काळ्या झालेल्या बोटांकडे बघून हातांनी सांगितलं, आता कोण मेलं? मग तो हसला.

बाईसाहेब दचकल्या. माझा हात घट्ट धरला. "दाईबाई, हे काय होतंय त्याला? पुन्हा तेच का?"

मी म्हटलं, "नाही हो बाईसाहेब. हसतोय तो."

त्या ऐकत बसल्या. शाल मांडीवर, हाताला राख. तो थांबला तेव्हा म्हणाल्या, "मी हे कधी ऐकलंच नव्हतं." आणि थोड्या वेळाने, खूप हळू, "त्याला सांगा, मी बुधवारी येईन." मी सांगू लागले तर त्यांनी माझे हात धरून थांबवले. कसं सांगायचं ते विचारलं आणि स्वतः सांगितलं. चुकीचं सांगितलं, तो गुरुवार झाला. तेव्हा आता त्या गुरुवारी येणार.

पानं भरली. गाडीवान उद्या निघतो, त्याच्याबरोबर हे आणि तुझ्या खडावा पाठवते. येताना त्याला रिकामा परत येऊ देऊ नकोस. गोड काही नको. साउथॅम्प्टनच्या बंदरावर ती तिखट मोहरीची पूड मिळते, डोळ्यांतून पाणी काढणारी, तीच पाठव. आणि चीज, कडक, जुनं, मोठा तुकडा. आम्हाला लागतं त्याच्या दुप्पट पाठव. बाईसाहेब निम्मं जाळतात.